आधी पाणी, मग रजिस्टर: कार्यालयात पाहुणचार परत कसा आणावा

मे महिन्यात दुपारी दीड वाजता नागपुरात वर्धा मार्गावरील एखाद्या कार्यालयाच्या फाटकाशी दहा मिनिटे उभे राहून पाहावे. पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. खापरीच्या मेट्रो स्थानकावरून किंवा स्कूटरवरून आलेला माणूस डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा सोडत असतो, आणि त्याच्यापुढे सर्वांत आधी येते ते रजिस्टर. नाव, मोबाइल क्रमांक, कोणाकडे काम आहे, आत येण्याची वेळ, सही. त्यानंतर छायाचित्र, गळ्यात अडकवायचे कार्ड, आणि मग ‘बसा, सरांना कळवतो’. हाच माणूस त्याच वेळी महालातील किंवा गोपाळनगरातील एखाद्या घरी गेला असता, तर पाण्याचा पेला आधी हातात आला असता आणि कामाचा विषय नंतर निघाला असता.

फाटकावरचा सुरक्षारक्षक स्वतःच्या घरी असेच वागतो आणि आत बसलेले साहेबही तसेच वागतात. पाहुणचार कोणी विसरलेले नाही. कार्यालयाच्या आखणीत मात्र त्यासाठी जागा, वेळ आणि अधिकार यांपैकी काहीच राखून ठेवलेले नसते. तेवढे राखून ठेवले की उरलेले काम माणसे न सांगता करतात, असा माझा अनुभव आहे. नागपुरातील साठ-पासष्ट माणसांच्या एका कार्यालयात मी काही वर्षे प्रशासनाचे काम पाहिले. तेथे जे जमले आणि जे फसले, त्यावरून पुढील सूचना लिहिल्या आहेत.

घरी पाहुणा येणार असे कळले की कामाला सुरुवात आदल्या दिवशी होते. गाद्या उन्हात टाकल्या जातात, दूध अर्धा लिटर जास्त घेतले जाते, त्याला तिखट चालत नाही याची कोणीतरी आठवण करून देते. तो दारात उभा राहतो तेव्हा पाहुणचाराचा निम्म्याहून अधिक भाग उरकलेला असतो, आणि आपली वाट पाहिली जात होती हे त्याला कोणी न सांगता कळते. कार्यालयात नेमके हेच करायचे आहे. स्वागताचे फलक, फुगे आणि भेटवस्तूंच्या पिशव्या नसल्या तरी चालते. येण्याआधीची तयारी नसली तर मात्र या सगळ्याला देखाव्याची कळा येते.

फाटकापासून सुरुवात

पाण्याची सोय फाटकाजवळ करावी. बहुतेक ठिकाणी थंड पाण्याचे यंत्र आतल्या पँट्रीत असते, म्हणजे ज्याला पाण्याची सर्वांत जास्त गरज असते त्यालाच ते सर्वांत उशिरा मिळते. सावलीत ठेवलेला एक मोठा माठ, त्यात वाळ्याची जुडी, लांब दांड्याचे ओगराळे, धुतलेले स्टीलचे पेले आणि माठ रोज घासून भरण्याची जबाबदारी कोणाची हे नावानिशी लिहिलेला कागद, इतके पुरे आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात २५० पेक्षा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना उन्हाळ्यात पिण्याचे पाणी थंड ठेवण्याची सक्ती केली गेली होती. साठ माणसांच्या कार्यालयाने त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

पाण्याशेजारी दोन खुर्च्या असाव्यात: एक येणाऱ्यासाठी आणि एक रक्षकासाठी. दुसरीवर व्यवस्थापनाचा आक्षेप येतो, कारण बसलेला रक्षक आळशी दिसतो असा एक समज आहे. दुकानांतील कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळात बसण्याची सोय मिळावी यासाठी केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, यावरून हा समज किती खोलवर रुजला आहे हे दिसते. बारा तास उभ्या असलेल्या माणसाने दुसऱ्याला प्रसन्न चेहऱ्याने ‘बसा’ म्हणावे, ही अपेक्षाच गैर आहे.

त्या दिवशी कोण येणार आहे याची यादी सकाळी साडेनऊपर्यंत रक्षकाच्या हातात पडावी, आणि ती देवनागरीत असावी. यादी हाती असली की ‘कोण पाहिजे?’ या प्रश्नाची जागा ‘या, साडेअकराला तुम्ही येणार होता ना?’ हे वाक्य घेते. खर्च शून्य, आणि फरक येणाऱ्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसतो. रजिस्टर मग त्याने खुर्चीवर बसून, पाणी पिऊन झाल्यावर भरावे. सुरक्षेत त्यामुळे काहीही कमी होत नाही. भिंतीवर दुपट्टा आणि हेल्मेट अडकवण्यासाठी खुंट्या, तोंड धुण्यासाठी बेसिन आणि एक आरसा असावा. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांत वीस मिनिटे दुचाकी चालवून आलेल्या माणसाला थेट वातानुकूलित दालनात नेऊन खुर्चीवर बसवणे हा आदर नव्हे. त्याला पाच मिनिटे पंख्याखाली स्वतःला सावरू द्यावे.

याहून महत्त्वाची गोष्ट अधिकाराची आहे. रक्षकाला आणि स्वागतकक्षातील कर्मचाऱ्याला, कोणालाही न विचारता, आलेल्या माणसासाठी चहा सांगता आला पाहिजे. आमच्याकडे लेखा विभागाने यावर शंका काढली होती, म्हणून तीन महिने या चहाची वेगळी वही ठेवली. खर्च इतका किरकोळ निघाला की चौथ्या महिन्यात वही कोणी मागितली नाही. त्या वहीतून कळलेली दुसरी गोष्ट अधिक बोलकी होती: रक्षकाने सांगितलेले बरेचसे चहा साहेबांच्या पाहुण्यांसाठी नव्हते, ते सामान पोहोचवायला आलेल्या मुलांसाठी होते.

पहिला दिवस, आणि विशेषतः दुसरा

आमची सर्वांत मोठी चूक येथे झाली, आणि तिचा दोष माझा होता. गडचिरोली जिल्ह्यातून आलेली एक तरुणी पहिल्या दिवशी पावणेदहाला हजर झाली. तिचे वरिष्ठ बैठकीत होते. अर्ज, बँकेचे कागद, ओळखपत्राची पावती हे सगळे मी नीट लावून ठेवले होते. माणूस मात्र एकही नेमला नव्हता. ती अडीच तास सोफ्यावर बसून राहिली. दुपारी तिला सर्वांसमोर उभे करून स्वतःविषयी बोलायला सांगितले गेले, तेव्हा तिच्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाकडच्या उच्चारांवर मागच्या रांगेतून कोणीतरी हसले. ती पुढे तीन वर्षे आमच्याकडे उत्तम काम करत राहिली, परंतु सभेत स्वतःहून बोलण्यासाठी तिला जवळजवळ एक वर्ष लागले.

त्यानंतर आम्ही प्रत्येक नव्या माणसासाठी एक यजमान नेमू लागलो. यजमान हा वरिष्ठ नसावा. तो साधारण बरोबरीच्या पदावरचा असावा आणि पहिल्या दिवसाचा त्याचा अर्धा वेळ लेखी आदेशाने मोकळा केलेला असावा. ‘जमेल तसे लक्ष द्या’ असे तोंडी सांगितले की ते कोणालाच जमत नाही. यजमानाने तीन दिवस आधी फोन करावा आणि साध्या गोष्टी सांगाव्यात व विचाराव्यात: कसे येणार, मेट्रोने आल्यास कोणत्या स्थानकावर उतरावे आणि तेथून पुढे काय मिळते, दुपारी बहुतेक जण डबा आणतात की बाहेरून मागवतात, कपड्यांचा काही रिवाज आहे का. नवा माणूस आदल्या रात्री याच गोष्टींचा विचार करत जागा असतो, आणि नियुक्तिपत्रात यांतले काहीच नसते.

नावाचा उच्चार आधी विचारून घ्यावा आणि टेबलावरची पाटी त्याप्रमाणे लिहावी. सर्वांसमोर ओळख करून देण्याचा कार्यक्रम टाळावा. यजमानाने रोज तीन-चार जणांकडे नव्या माणसाला घेऊन जावे आणि ओळख करून देताना कामाचा धागा सांगावा: ‘बिले यांच्याकडे अडकतात, म्हणून यांची मैत्री आवश्यक आहे.’ असा थोडा विनोद चालतो. बोलीवरचा, गावावरचा किंवा दिसण्यावरचा चालत नाही, आणि तो झाला तर तेथेच थांबवण्याची जबाबदारी उपस्थित असलेल्या सर्वांत वरिष्ठ माणसाची आहे.

पहिल्या दिवशी कौतुक होते आणि दुसऱ्या दिवशी माणूस एकटा पडतो, हे लग्नघराइतकेच कार्यालयालाही लागू आहे. म्हणून यजमानाच्या कॅलेंडरमध्ये दुसऱ्या दिवसाचे जेवण, आठव्या दिवसाचा चहा आणि महिन्यानंतरची अर्ध्या तासाची भेट अशा तीन नोंदी आधीच कराव्यात. महिन्यानंतरच्या भेटीत एकच प्रश्न विचारला तरी पुरे: ‘येथे काय कोणी सांगितले नाही आणि तुम्हाला स्वतः शोधावे लागले?’ उत्तर लिहून घ्यावे आणि पुढच्या माणसासाठी वापरावे.

एका टेबलावर जेवण

सर्व उपायांत मला हा सर्वांत परिणामकारक वाटतो, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी अमेरिकेतील एका मोठ्या शहराच्या अग्निशमन केंद्रांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या केंद्रांतील जवान एकत्र जेवत होते, त्यांच्या पथकाच्या कामगिरीला अधिकाऱ्यांनी अधिक चांगले गुण दिले होते. जेवणामुळे पथक चांगले झाले की चांगले पथक एकत्र जेवत होते, हा प्रश्न अशा अभ्यासात उरतोच; परंतु ज्यांनी पंगतीत वाढण्याचे काम केले आहे त्यांना तो फारसा छळणार नाही.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाने २०१७ मध्ये सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली. प्रत्यक्षात ती विश्रांती डाव्या हाताने माउस आणि उजव्या हाताने घास अशी घेतली जाते. हे मोडायचे असेल तर उपदेश करू नये, वेळ बंद करावी: सव्वा ते दोन या वेळेत कोणाच्याही कॅलेंडरमध्ये बैठक टाकता येणार नाही, आणि हा नियम संचालकांनी स्वतः पहिल्या आठवड्यात मोडू नये. जागेसाठी एक लांब टेबल असावे. चार-चार खुर्च्यांची लहान टेबले ठेवली की पहिल्याच महिन्यात टोळ्या ठरतात आणि नवा माणूस डबा हातात घेऊन कोठे बसावे याचा विचार करत उभा राहतो. टेबलावर लॅपटॉप नसावा. मीठ, लोणचे, लिंबू आणि पाण्याचे जग कार्यालयाने पुरवावेत. कोणाकडून तरी मागून घेण्यासारखी वस्तू टेबलावर असली की बोलणे आपोआप सुरू होते.

डब्यात काय आहे यावर शेरा मारू नये. एकाचा सावजी रस्सा, दुसऱ्याचा उपवासाचा भगर-आमटीचा डबा आणि तिसऱ्याचा रोजा एकाच दुपारी असू शकतो. शाकाहारी व मांसाहारी अशी टेबले वेगळी करण्याची मागणी कधीतरी येते. माझे मत असे की कार्यालयाने ती मान्य करू नये. ज्याला दूर बसायचे आहे त्याने टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसावे, परंतु पाटी लावून माणसांची वाटणी करू नये. आग्रहाविषयीही एक मर्यादा पाळावी. घरच्या पंगतीत तीनदा आग्रह शोभतो. कार्यालयात एकदा विचारावे आणि ‘नको’ हे उत्तर स्वीकारावे. काही माणसांना दुपारची पंचवीस मिनिटे एकांत हवा असतो, आणि तो मिळू देणे हाही पाहुणचारच आहे.

शनिवारी सकाळी तर्री-पोहे मागवण्याची पद्धत नागपुरातील अनेक कार्यालयांत आहे. ती चांगली आहे, कारण तर्री वेगळी येते आणि ज्याने त्याने आपल्याला झेपेल तेवढी घ्यावी लागते, त्यामुळे पातेल्याभोवती थांबणे आणि चेष्टा करणे ओघानेच येते. पैसे व्यवस्थापनाने द्यावेत, पण आणण्याची पाळी सर्वांना असावी, अगदी विभागप्रमुखांनाही. हिवाळ्याच्या तोंडावर अंबिया बहाराची आणि फेब्रुवारी-मार्चकडे मृग बहाराची संत्री येतात तेव्हा काटोल किंवा नरखेडकडच्या एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून एक क्रेट मागवून टेबलावर उघडा ठेवावा. संत्रे सोलले की एक फोड शेजाऱ्याकडे सरकवण्याची सवय या शहराच्या बोटांत आहे, आणि बिस्किटांच्या पुड्याने ती कधी बाहेर येत नाही.

आता कपांविषयी. पुष्कळ कार्यालयांत सर्वांना चिनी मातीचे कप असतात आणि सफाई करणाऱ्या ताईंना चहा कागदी पेल्यात दिला जातो, किंवा त्यांचा स्टीलचा पेला खिडकीत वेगळा उपडा ठेवलेला असतो. विचारले तर ‘त्यांनाच तसे आवडते’ असे उत्तर मिळते. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या शहरात या वेगळ्या पेल्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागू नये. सगळे कप एकसारखे विकत घ्यावेत, एकाच ट्रेमध्ये ठेवावेत आणि एकाच ठिकाणी धुवावेत. हाउसकीपिंगच्या कर्मचाऱ्यांनी जिन्याखाली बसून जेवण्याची पद्धत असेल तर त्यांची जेवणाची वेळ कंत्राटदाराशी बोलून सव्वा वाजताची करून घ्यावी आणि टेबलावर त्यांच्यासाठी जागा आहे हे कोणीतरी शेजारी बसून दाखवावे. पहिले काही दिवस त्यांना अवघडल्यासारखे होईल. आमच्याकडे हा अवघडलेपणा मोडला तो पुडाच्या वड्यांमुळे: एका ताईंनी कशा केल्या हे विचारायला तीन अभियंते त्यांच्याभोवती बसले.

विचारपूस कोठे थांबावी

मराठीत विचारपूस आणि चौकशी हे दोन शब्द वेगळे आहेत, आणि कार्यालयातील आपुलकी बहुतेक वेळा या दोहोंच्या मधल्या कुंपणावर घसरते. ‘आडनाव काय?’, ‘मूळ गाव कोणते, आणि गावात घर कोणत्या भागात?’, ‘लग्न का नाही केले?’, ‘मुलाला किती टक्के?’ हे प्रश्न आपुलकीच्या स्वरात विचारले जातात, पण पहिल्या दोहोंनी जात शोधली जाते आणि पुढच्या दोहोंनी माणूस मोजला जातो. नवीन माणसाने पूर्ण नाव सांगितले नाही तर ते मागू नये. ज्याचे उत्तर न देताही समोरच्याला सहज राहता येईल, असा प्रश्न विचारावा: प्रवास कसा झाला, कूलर दुरुस्त झाला का, काल लवकर निघालात तेव्हा ऊन फार होते का. एवढ्यावरून ज्याला बोलायचे आहे तो बोलतो.

संबोधनाचा विचार फार कमी ठिकाणी होतो. वर ‘सर’ आणि ‘मॅडम’, खाली नुसते नाव किंवा ‘ए छोटू’, ही उतरंड चहा देणाऱ्या मुलापाशी येऊन संपते. सर्वांना अहो-जाहो करावे, त्या मुलालाही, आणि त्याचे नाव वापरावे. नागपुरात एकाच वाक्यात मराठी आणि हिंदी येते, कारण १९५६ पर्यंत ही आधी मध्य प्रांताची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि आजही छिंदवाडा-बालाघाटकडची पुष्कळ माणसे येथे काम करतात. म्हणून कोणी हिंदीत उत्तर दिले तर त्याला मराठीत ओढत नेऊ नये आणि मराठीत बोलणाऱ्याला कमी लेखू नये.

सणांच्या बाबतीत एक कसोटी लावावी: या कार्यक्रमात कोणाला बाजूला उभे राहावे लागते का? हळदी-कुंकू घरी शोभते, परंतु कार्यालयात ते केले की विधवा, अविवाहित आणि इतर धर्मांच्या सहकारी स्त्रिया नकळत वेगळ्या पडतात. तान्ह्या पोळ्याला कर्मचाऱ्यांच्या मुलांनी लाकडी बैल सजवून आणावेत, हा कार्यक्रम मात्र आमच्याकडे सर्वांचा झाला. वाढदिवसाला चेहऱ्यावर केक फासण्याची पद्धत बंद करावी. त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

घरी मृत्यू झाल्यानंतर कामावर परत येणाऱ्या माणसासाठी तयारी करणे सर्वांत नाजूक असते. आपल्याकडे शोकाच्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा शेजारी आणि नातेवाईक कडू घास घेऊन जातात. सहकाऱ्यांनीही पहिल्या काही दिवसांत डबा पोहोचवण्याची पाळी लावून घ्यावी. परत आल्यावर सर्वांनी एकेक करून सांत्वनाला जाऊ नये, कारण एकच हकिकत तीस वेळा सांगणे ही शिक्षा असते. जवळच्या एका माणसाने सकाळी भेटावे, साचलेल्या कामाचा कोणता भाग इतरांनी उचलला आहे हे सांगावे, आणि चहाला सोबत न्यावे.

भिंती, टपरी आणि पडद्यापलीकडची माणसे

भिंती पाडल्या की माणसे एकमेकांशी बोलू लागतील, या समजावर बराच पैसा खर्च होतो. हार्वर्डच्या बर्नस्टीन आणि टर्बन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खुल्या मांडणीनंतर समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि ईमेल वाढले. सतत दिसत असलेला माणूस कानाला हेडफोन लावून स्वतःची भिंत उभी करतो. त्याऐवजी चहाची जागा कोपऱ्यातून काढून दोन विभागांच्या मधल्या वाटेवर आणावी आणि तेथे उंच कट्टा ठेवावा, म्हणजे उभ्याने पाच मिनिटे बोलता येते. फाटकाबाहेरच्या टपरीवर जाण्यास बंदी घालू नये. कोणत्या विभागात काय अडले आहे हे मला बैठकीपेक्षा टपरीवर आधी कळत असे.

घरून काम करणाऱ्यांसाठी नियम थोडकाच आहे: बैठकीत त्यांचे बोलणे आधी घ्यावे, खोलीतील विनोद त्यांना सांगावा, आणि कार्यालयात संत्रा बर्फी वाटली तर त्यांचा डबा त्याच दिवशी कुरिअरने निघावा. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या सहकाऱ्यांच्या भेटी डिसेंबरात ठरवताना विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन लक्षात घ्यावे. त्या दिवसांत हॉटेलांत खोल्या मिळत नाहीत आणि सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंद असतात, त्यामुळे खोली आधी राखावी आणि विमानतळावर माणूस पाठवावा.

निरोप

नोकरी सोडून जाणाऱ्याचा शेवटचा दिवस बहुतेक ठिकाणी ना-हरकत पत्रावरच्या सात सह्या गोळा करण्यात जातो. त्या सह्या आदल्या दिवशी यजमानाने, म्हणजे पहिल्या दिवशी ज्याने त्याला आणले होते त्यानेच, फिरून घ्याव्यात. तो सोडून गेला असेल तर दुसरा नेमावा. शेवटचे जेवण नेहमीच्या लांब टेबलावर व्हावे. ओळखपत्र फाटकावर काढून घेण्याची पद्धत असेल तर ती बदलून ते आत, बसून, चहा घेताना परत घ्यावे. मग दोघा-तिघांनी त्याला फाटकापर्यंत पोहोचवायला जावे, आणि रक्षकाला त्या दिवशीच्या यादीत हेही नाव आधी कळलेले असावे, म्हणजे तो खुर्चीवरून उठून ‘या पुन्हा’ म्हणेल आणि जाणाऱ्याला, आपल्याकडे म्हणतात तसे, ‘येतो’ असे म्हणता येईल.